तिरपा फासा

नेव्हिल सगडनशी चार शब्द बोलायचे तर वर्षातला एकच दिवस बरा, फेब्रुवारीतला शेवटचा रविवार. एरवी तो ऑर्डनशॉ गावाच्या चढावरच्या शेवटच्या घरात एकटा असतो. दुकानात गेला तरी तिथली पोरगी पैसे भरायच्या यंत्राकडे बोट दाखवते, म्हणजे पाव घ्यायलासुद्धा तोंड उघडावं लागत नाही. पण त्या रविवारी गावच्या क्रीडासंकुलात टेबलावरच्या लढायांचं प्रदर्शन भरतं आणि नेव्हिल क्लबचा मरून सदरा चढवून स्वयंसेवक म्हणून उभा राहतो. सदऱ्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं, 'मला विचारा'. लोक विचारतातही. संडास कुठे आहे, ते विचारतात.

मोठ्या माणसांनी शिशाचे शिपाई मांडून लढाया खेळायच्या म्हटल्यावर हसणारे हसतात. हसू देत बापडे. अंगठ्याच्या पेराएवढा शिपाई घ्यायचा, भिंग लावून त्याचं बटण न् बटण रंगवायचं, अशा शेकड्यांनी पलटणी उभ्या करायच्या, टेबलावर टेकड्या न् घरं मांडायची, आणि मग फूटपट्टीने चाल मोजून, फासे टाकून दोनशे वर्षांपूर्वीची एखादी लढाई पुन्हा लढायची. हा खेळ ज्याच्या अंगात भिनला तो दुसऱ्या कशाच्या कामाचा राहत नाही. आमच्या गावात असे चाळीसेक जण आहेत, आणि त्यांतले निम्मे हरले की दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाहीत.

नेव्हिलला क्लबात सगळे 'नियमावली' म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यालाही त्याचं वाईट वाटत नसे. सगळा जन्म बस डेपोत इंजिनं उघडण्यात गेलेला. नट अर्धा आटा सैल राहिला की काय होतं ते त्याने डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हा फूटपट्टी बोटभर पुढे सरकवलेली त्याला खपत नसे, आणि कुणी शिपायांना आडदांडपणे हात लावला की त्याची जीभ टाळूला लागून आवाज निघे, 'ट्च्'. एवढंच. रागावणं नाही, बोलणं नाही, नुसतं 'ट्च्'. लग्न त्याने केलं नाही, म्हणजे जमलं नाही. आई होती तोवर आई होती. आई गेली आणि मग गुरुवार उरला.

गुरुवार म्हणजे बॅरी थ्वेट. हा गावचा पोस्टमन, तोंडाने फाटका आणि मनाने मोकळा, वाटेत कुत्रं भेटलं तरी त्याची चौकशी करणारा. दोघांचं कसं जमलं ते देवाला ठाऊक, पण सव्वीस वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी बॅरी त्या चढावरच्या घरी यायचा. मागच्या खोलीत मोठं टेबल होतं. नेव्हिलचे पांढऱ्या डगल्यांचे ऑस्ट्रियन, बॅरीचे आकाशी निळे बव्हेरियन. नेव्हिल चहा करायचा, बॅरी बिस्किटं आणायचा आणि अर्धी स्वतःच खायचा. सव्वीस वर्षांत नेव्हिल जेवढा बोलला असेल, त्यातलं निम्म्याहून जास्त त्या खोलीत बोलला.

आणि मोडलं ते एका फाशापायी. ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, पण असंच झालं. लढाई रंगात आली होती. मधल्या शेतघरात नेव्हिलचे पांढरे शिपाई दबा धरून बसलेले, आणि बॅरीची सगळ्यात लाडकी पलटण दाराशी येऊन धडकलेली. बॅरीने फासा टाकला. सहा पडले असते तर घर त्याचं. सहा पडलेही, पण फासा शेतघराच्या भिंतीला टेकून तिरपा राहिला. आता तिरप्या फाशाचा रिवाज पोराटोरांनाही माहीत आहे: त्याच्यावर दुसरा फासा ठेवून बघायचा. टिकला तर दान खरं, घसरला तर पुन्हा टाकायचं. नेव्हिलने दुसरा फासा ठेवला. तो घसरला. बॅरी म्हणाला, तुझा हात थरथरला. नेव्हिल म्हणाला, माझा हात थरथरत नाही.

इथवर नेहमीचंच होतं. पण त्या दिवशी बॅरीचं काही बिनसलं होतं. तो म्हणाला, "तुला माणसापेक्षा नियम प्यारा, म्हणूनच तू असा एकटा कुजतोयस." आणि नेव्हिल, जो कधी कुणाला लागेल असं बोलला नव्हता, तो म्हणाला, "मी एकटा आहे, पण निदान माझी बायको मला सोडून दुसऱ्याबरोबर गेली नाही." बॅरीची पॉलीन गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. बॅरीने आपला फासा उचलला, कोट घेतला आणि तो चालता झाला. लाडकी पलटण तिथेच शेतघराच्या दाराशी राहिली.

ती पुढे चार वर्षं तिथेच होती. नेव्हिलने टेबल मोडलं नाही. दर रविवारी तो रंगाच्या मऊ ब्रशने दोन्हीकडच्या शिपायांवरची धूळ झाडायचा, जागेवरून कुणालाही न हलवता. फोन करायचा म्हणून त्याने कितीदा तरी रिसीव्हर उचलला. दाढी करताना आरशापुढे एकच वाक्य घोकलं: 'बॅरी, पॉलीनबद्दल बोललो ते बोलायला नको होतं.' वाक्य तोंडपाठ झालं, पण ते ऐकायला माणूस समोर हवा. म्हणून तर त्याने प्रदर्शनात आपला खेळ मांडणं सोडलं आणि दारावरची ड्यूटी मागून घेतली. आत येणारा प्रत्येक जण दारावरून जातो. बॅरी मात्र तीन वर्षं फिरकला नाही.

चौथ्या वर्षी क्लबचा अध्यक्ष माल्कम बूथ याने नेव्हिलला दारावरून उचलून 'आणा-विका'च्या टेबलावर बसवलं, कारण ते सांभाळणाऱ्या बाईंचं कंबरेचं ऑपरेशन झालं होतं. आणा-विका म्हणजे लोकांनी आपला जुना माल आणून ठेवायचा, स्वयंसेवकांनी विकायचा, आणि दुपारी तीनला उरलंसुरलं ज्याचं त्याने घेऊन जायचं. माल्कम म्हणाला, "नियमावली, तूच बस. तुझ्या हाताखालून टाचणी जायची नाही." नेव्हिलला दार सोडवेना, पण नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नव्हतं. दार दिसेल अशी खुर्ची तेवढी त्याने ओढून घेतली.

सकाळची वेळ. बॅडमिंटनच्या रेघा आखलेल्या फरशीवर टेबलं लागलेली, शेजारच्या तलावाच्या क्लोरीनचा वास आणि तळलेल्या बेकनचा वास एकमेकांत मिसळलेला, पोहायला आलेल्या दोन बायका चुकून तोफखान्यात शिरलेल्या. आणि दारातून बॅरी आला. एका बाईच्या हाताला धरून, पाय चाचपत. चार वर्षांत माणूस चौदा वर्षांनी म्हातारा झालेला.  दोघं थेट त्याच्याच टेबलापाशी आली.

बाई म्हणाली, मी गिलियन, यांची पुतणी, यांचं थोडं सामान विकायचंय. बॅरीने नेव्हिलच्या दिशेने तोंड केलं, पण नजर त्याच्या कानापाशी कुठेतरी लागली होती.

"कोण बसलंय रे बाबा?" तो म्हणाला. "माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं, माणसांची तोंडं दिसत नाहीत."

हाच तो क्षण. वाक्य तयार होतं, चार वर्षं घोकलेलं. नेव्हिलने तोंड उघडलं आणि बारीक आवाजात तो म्हणाला, "स्वयंसेवक."

काय म्हणावं या माणसाला! पण घाबरलेल्याच्या तोंडून असलंच काहीतरी निघतं. आपण कोण ते कळलं तर बॅरी पाठ फिरवेल, हीच भीती. तेवढ्यात गिलियनने खोकं टेबलावर धाडकन ठेवलं आणि नेव्हिलची जीभ आपोआप टाळूला लागली. 'ट्च्'. बॅरीची मान जराशी वळली. मग पुन्हा सरळ झाली.

खोक्यात आकाशी निळी फौज होती, रांगेने, फोमच्या कप्प्यांत. नेव्हिल त्यातल्या प्रत्येक पलटणीशी लढला होता. मधली एक रांग रिकामी होती.

"सगळं एकाच्याच हाती द्यायचं," बॅरी म्हणाला. "फोडून विकायचं नाही. एक पलटण कमी आहे, ती एका मित्राकडे राहिली."

 बॅरीने खोक्यावर हात ठेवला आणि त्या कानापाशीच बघत तो बोलत राहिला.

"फाशावरून भांडलो आम्ही. तिरपाच होता तो. मला स्वच्छ दिसत होतं, तेव्हा डोळे चांगले होते. पण कबूल केलं असतं तर लेकाने वर्षभर डोकं खाल्लं असतं." तो थोडा हसला. "मग तो एक बोलला, मी एक बोललो. दोन्ही खरं होतं, तीच पंचाईत."

आणि तो थांबला. चांगला थांबला. मागे रांग लागली होती, कुणीतरी रणगाड्यांची पिशवी घेऊन खाकरत होतं. नेव्हिलला सगळं सांगायचं होतं: मी आहे, मीच आहे, टेबल तसंच ठेवलंय, तुझी पलटण रोज बघतो. त्याने खोक्याला चिठ्ठी चिकटवली आणि त्याच बारीक आवाजात म्हणाला, "तीनला या."

"बरं," बॅरी म्हणाला आणि पुतणीचा हात धरून निघून गेला.

त्यानंतर नेव्हिलने जे केलं ते ऐकून क्लबात कुणाचाही विश्वास बसला नसता. बाहेरगावचा एक दुकानदार खोक्याशी आला. हा माणूस आख्ख्या फौजा घेतो आणि शिपाई सुटे करून विकतो, हे सगळ्यांना माहीत. सगळं एकत्र घेतो म्हणाला. नियमाने विकायलाच हवं होतं. नेव्हिल म्हणाला, "ते आधीच ठरलंय." आणि दुकानदाराची पाठ वळल्याबरोबर त्याने खोकं टेबलाखाली सरकवलं आणि त्यावर आपला कोट टाकला. फौज विकली गेली तर गुरुवार कशाच्या जोरावर मागायचा? तीन वाजता बॅरी येईल, आपण म्हणू, कुणी घेतली नाही रे, घरी ये गुरुवारी. असा सगळा हिशोब होता.

बॅरी गेला नव्हता. हॉलच्या दुसऱ्या टोकाला चहाच्या खिडकीपाशी तो एका टेबलावर बसून होता. पुढ्यात दोन पेले. एक तो पीत होता, दुसरा तसाच. पुतणीचा असेल, नेव्हिलने मनाशी म्हटलं. दुपारी माल्कम त्याला जेवायला मोकळं करायला आला आणि नेव्हिल उठून सरळ त्या दिशेने निघाला. अर्ध्या वाटेवर वाटर्लूच्या लढाईचं टेबल ओलांडलं, रोमन सैन्य ओलांडलं. बॅरीच्या कानामागचा जुना व्रण दिसेल इतक्या जवळ आला. तेव्हा एका माणसाने पाठीवर टकटक करून विचारलं, संडास कुठे आहे.

बोट दाखवून भागलं असतं. पण नेव्हिल त्याला थेट दारापर्यंत पोचवून आला, आणि आलाच आहे तर म्हणून तसाच मागच्या दाराने बाहेर गेला, आणि कचऱ्याच्या डब्यांपाशी उभं राहून त्याने आपलं अंड्याचं सँडविच खाल्लं. भित्रेपणा होता हा, दुसरं काही नाही. गार वारा सुटला होता. तिथे उभं राहून त्याला वाटलं, आपण या जगात अगदी एकटे आहोत आणि तो दोष आपलाच आहे.

तीनला लोक आपापला उरलेला माल न्यायला आले. गिलियनही आली. एकटी.

नेव्हिल तिच्या मागे बघत राहिला. तिच्या ते लक्षात आलं.

"काका गाडीत बसलेत, दमलेत. मिस्टर सगडन, तुम्हीच ना?"

त्याने मान डोलावली.

"ते सकाळीच म्हणाले, तो नेव्हिल आहे. मी म्हटलं, तुम्हाला दिसतं कुठे? तर म्हणाले, सबंध इंग्लंडात असं 'ट्च्' दुसरं कुणी करत नाही." ती रागावलेली नव्हती, पण थकलेली होती. "मी सांगते तुम्हाला, त्यांचं इथे काही विकायचं अडलं नव्हतं. ते फक्त तुमच्यासाठी आले. सगळा दिवस चहापाशी बसून राहिले. मी म्हटलं, मी बोलावून आणते. तर म्हणाले, नको, त्याचा त्याला येऊ दे. तुमचा चहा दोनदा बदलला त्यांनी, गार झाला म्हणून."

 मग तिने सांगितलं की घर आवरलंय, आणि उद्या सकाळी ती काकांना कायमचं आपल्याकडे, लांब उत्तरेला समुद्रकाठच्या अॅबर्डीनला घेऊन जातेय. एकट्याने राहण्याजोगे डोळे उरले नाहीत.

खोकं टेबलाखालून ओढून, छातीशी धरून नेव्हिल पळाला. बस डेपोतून निवृत्त झाल्यापासून तो पळाला नव्हता. वाटेत दोघांनी काही विचारलं. पाठीवर 'मला विचारा' लिहिलेला माणूस कुणाला उत्तर न देता पळतोय, हे लोक बघत राहिले.

गाडीचं दार उघडं होतं. बॅरी पुढच्या सीटवर, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन.

"बॅरी," नेव्हिल म्हणाला, आणि त्याला इतका दम लागला होता की वाक्य तुकड्यातुकड्यांनी आलं. "पॉलीनबद्दल. मी बोललो ते. बोलायला नको होतं."

"नको होतंच," बॅरी म्हणाला. "मीही. किती वेळ लावलास रे मेल्या. मला तीनदा लघवीला जावं लागलं."

मग बॅरीने कोटाच्या खिशात हात घातला आणि एक फासा काढला. हस्तिदंती रंगाचा, कडा झिजलेला. नेव्हिलने तो लगेच ओळखला.

"तिरपा होता ना?"

"होता."

"मग तिरपा पडला तर काय करायचं, नियमावली?"

"पुन्हा टाकायचं."

"टाक. माझ्या वतीने तूच टाक."

नेव्हिलने खोकं बॅरीच्या मांडीवर ठेवलं आणि झाकणावर फासा टाकला. तो दोनदा उसळला आणि स्वच्छ सपाट बसला. दोन पडले होते.

"किती?" बॅरीने विचारलं. तो झाकणाकडे नाही, भलतीकडेच बघत होता.

आयुष्यात नेव्हिलने फाशाबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. आईशीही साप-शिडी खेळताना नाही.

"सहा," तो म्हणाला.

बॅरी म्हणाला, "सपाट आहे?"

"सपाट."

"सहा म्हणतोस."

"सहा."

"तुझ्या तोंडून सहा," बॅरी म्हणाला आणि त्याचा आवाज जरा हलला. त्याने चाचपून फासा उचलला आणि मुठीत धरला. "म्हणजे शेतघर माझं."

"तुझं."

नेव्हिल घाईघाईने म्हणाला की पलटण तशीच आहे, एकाचीही संगीन वाकलेली नाही, कापसात गुंडाळून पोस्टाने पाठवतो. बॅरीने मान हलवली.

"कशाला? लढून घर जिंकलंय त्यांनी. राहू दे तिथे, बिचाऱ्यांना चार वर्षं दाराबाहेर उभं केलंस. आणि ही बाकीचीही घेऊन जा. अॅबर्डीनला मी त्यांना काय, समुद्र दाखवू?"

गिलियन आली, गाडीत बसली. निघायला हवं, म्हणाली. बॅरीने हात पुढे केला. तो थोडा चुकीच्या दिशेला गेला, नेव्हिलने तो धरून घेतला. सव्वीस वर्षांत त्यांनी कधी हात मिळवला नव्हता, गुरुवारी येणाऱ्या माणसाशी कोण हात मिळवतं? मग गाडी वळणावरून दिसेनाशी झाली, आणि नेव्हिल आत येऊन खुर्च्या रचायला लागला. माल्कमने विचारलं, बरा आहेस ना रे? तो म्हणाला, बरा आहे.

घरी आल्यावर त्याने सदराही बदलला नाही. मागच्या खोलीत जाऊन दिवा लावला. शेतघराचं छप्पर उचललं, आतले आपले पांढरे शिपाई एकेक करून बाहेर काढले आणि नियमाप्रमाणे मागे हटवले. मग बॅरीचे आकाशी निळे शिपाई दाराशी होते तसेच, त्याच ओळीने, आत उभे केले. छप्पर ठेवलं. बाकीची फौज खोक्यातून काढून टेबलाच्या पलीकडच्या कडेला मांडली, बॅरी मांडायचा तशी. आता दोन्ही फौजा त्याच्याच घरात होत्या, आणि पलीकडची खुर्ची रिकामी होती. भांडण होतं तोवर बॅरी कधीतरी येईल असं वाटत तरी होतं. आता भांडणही मिटलं होतं. नेव्हिलला रडू आलं, आणि बघायला कुणी नव्हतं म्हणून तो पोटभर रडला.

शेतघर एकाने जिंकलं की पुढची पाळी समोरच्याची, असा नियम आहे. म्हणजे पाळी नेव्हिलची. दर रविवारी तो अजूनही ब्रशने धूळ झाडतो. आपली पाळी त्याने अजून खेळलेली नाही.